सकाळी सातला निवारा रिकामा करायचा. मग बाळाला घेऊन जायचं कुठे?

रानजाई (पुणे)

गेली चार वर्षं दर शनिवारी मी आणि माझी मैत्रीण स्वारगेटच्या बाजूला रस्त्यावरच्या मुलांचा वर्ग घेतो. वर्ग कसला, एक सतरंजी, एक फळा आणि खिचडीचं पातेलं. दिवाळीनंतर त्यात एक मुलगी येऊन बसायला लागली. वाटलं, कुणाची तरी मोठी बहीण असेल. कडेवरचं बाळ तिचं स्वतःचं निघालं. ती १९ वर्षांची, बाळ आठ महिन्यांचं. इथे तिला सुमन म्हणते. हे खरं नाव नाही.

सुमन मूळची मराठवाड्याची. आईबाप ऊसतोडीला. दर दिवाळीनंतर शाळा सुटायची, तरी पोरगी रेटून नववीपर्यंत गेली. मग लग्न. नवरा बिगारी कामासाठी पुण्यात घेऊन आला आणि तिला सातवा महिना असताना निघून गेला. सासरचे फोन उचलत नाहीत. माहेरी अजून दोन बहिणींची लग्नं व्हायची आहेत, म्हणून "तू इकडं येऊ नको".

आता मुद्द्याचं. तिला रात्री निवाऱ्यात जागा मिळते. पण सकाळी सातला सगळ्यांनी बाहेर पडायचं, ते रात्री आठलाच परत. मधले तेरा तास ती बाळाला घेऊन बसथांब्यावर, देवळाच्या ओट्यावर, फार ऊन झालं की सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत बसून काढते. धुण्याभांड्यांची तीन कामं तिला मिळाली होती, तिन्ही घरी "बाळ आणायचं नाही". एका पाळणाघराने वडिलांचं आधार कार्ड मागितलं. एका संस्थेत मी स्वतः घेऊन गेले. तिथल्या बाई चांगल्याच बोलल्या, पण म्हणाल्या, "मुलीला घेतो, बाळ शिशुगृहात ठेवू, ती शिकून पायावर उभी राहिली की बघू." सुमन काही न बोलता उठली. पुढचे दोन शनिवार वर्गाला आली नाही.

तिला दहावी करायची आहे. हे तिनेच सांगितलं, मी सुचवलं नव्हतं. आई, बाळ आणि पुस्तक एकाच छपराखाली राहील अशी जागा कुणाला माहीत आहे का? आणि असे प्रसंग कुणी निभावले असतील तर कृपया लिहा.

---

कोथरूडकर

ताई, चांगलं काम करताय. पण शासनाची स्वाधार योजना आहे की. पुण्यात राहणाऱ्याला वर्षाला ६० हजार मिळतात, माझ्या ऑफिसातल्या शिपायाच्या मुलाला मिळाले. अर्ज केला का? लोकांना योजनाच माहीत नसतात, ही खरी अडचण.

---

निळी_शाई

कोथरूडकर, नावाचा घोळ होतोय. आमच्या ऑफिसातही लोक याच चुकीने येतात. तुम्ही म्हणताय ती भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना, आणि दहावीनंतरच्या शिक्षणाला. दुसरं होतं ‘स्वाधारगृह’. निराधार, परित्यक्ता, अत्याचारग्रस्त बायकांसाठी केंद्राच्या मदतीने चालणारं. २०२२ पासून केंद्राच्या ‘मिशन शक्ती’ या महिलांसाठीच्या योजनेत त्याचं नाव ‘शक्ती सदन’ झालं.

मी वीस वर्षं याच क्षेत्रात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रानजाई, तुमची मुलगी १९ वर्षांची आहे हे तिचं नशीब, असं मी चक्क म्हणेन. ती १७ची असती तर रस्ताच वेगळा. अठराच्या आतली गरोदर मुलगी दवाखान्यात आली की २०१२च्या पॉक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हाच गुन्हा. मग बाल कल्याण समिती, मग मुलगी बालगृहात. बालगृह तान्ह्या बाळासाठी बांधलेलं नसतं, म्हणून बाळ शिशुगृहात. आई वेगळ्या इमारतीत, बाळ वेगळ्या. कधी कधी वेगळ्या गावात. कुणी वाईट हेतूने करत नाही, कायद्याच्या लेखी ती दोघं दोन स्वतंत्र ‘बालकं’ असतात, एवढंच. या मुलींना दूध भरून येतं तेव्हा त्या भिंतीशी तोंड करून बसतात. ते बघितलेलं विसरता येत नाही.

सुमन सज्ञान आहे, त्यामुळे शक्ती सदनात बाळासकट जाऊ शकते. मुलगी असेल तर प्रश्न नाही, मुलगा असेल तर १२ वर्षांपर्यंत आईजवळ राहू शकतो. जुन्या स्वाधारगृहाच्या नियमात मुलग्यांसाठी ही मर्यादा आठच वर्षं होती, म्हणजे थोडी सुधारणा झाली. प्रवेशासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी किंवा सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र. १८१ ही बायकांसाठीची हेल्पलाइन. फोन तिलाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा. पुढे प्रत्येक टेबलावर तिलाच बोलायचं आहे.

आणि एक खरं सांगते. तिथे छप्पर मिळेल, जेवण मिळेल, समुपदेशन मिळेल. दिवसा बाळ कोण बघणार याचं उत्तर तिथेही बहुतेक ठिकाणी ‘तिनेच’ हेच आहे. शिकायला बसायचं म्हटलं की गाडी इथे अडते.

---

फिरस्ता७

अंगणवाडी असते ना?

---

निळी_शाई

असते. पण तिथे बसवायला मूल तीन वर्षांचं लागतं, आणि अंगणवाडी काही तासांत सुटते. त्याआधीच्या बाळाच्या वाट्याला घरी न्यायची पोषण आहाराची पाकिटं येतात. ज्याला घर नाही त्याने ती शिजवायची कुठे, हा प्रश्न फॉर्मवर नसतो. ‘पाळणा’ नावाची नवी योजना सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे, कागदावर अगदी हवी तशी. आपल्या वस्तीच्या जवळ एखादी सुरू आहे का ते अंगणवाड्यांच्या प्रकल्प कार्यालयात विचारा.

अजून एक वाट बांधकामांच्या साइटची. पन्नासपेक्षा जास्त बायका काम करत असतील तर तिथे पाळणाघर ठेवणं १९९६च्या बांधकाम मजुरांच्या कायद्याने बंधनकारक केलं होतं, २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतलीय. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेससारख्या संस्था साइटवर मुलं सांभाळतात. मुंबई-दिल्लीत हे काम १९६९ पासूनच्या परंपरेतलं, मीरा महादेवन यांनी दिल्लीत सुरू केलेलं. पण ते साइटवरच्या मजुरांच्या मुलांसाठी. त्यासाठी सुमनला बिगारी व्हावं लागेल, आणि मग अभ्यास रात्री दिव्याखाली.

---

हिशेबी

कटू वाटेल पण लिहितो. १९ वर्षांची मुलगी, ना शिक्षण ना उत्पन्न. दत्तक घ्यायला हजारो जोडपी वर्षानुवर्षं रांगेत आहेत. बाळाला चांगलं घर मिळेल, तिला नव्याने आयुष्य सुरू करता येईल. भावना बाजूला ठेवून विचार केला तर दोघांचंही भलं यातच नाही का? आपण एका बाळामागे दोन आयुष्यं अडकवतोय.

---

रानजाई

हिशेबी, तिने तसं ठरवलं तर मी पहिली तिच्याबरोबर जाईन. पण तिने उठून जाऊन उत्तर दिलंय.

---

निळी_शाई

बाळ सोपवायचं असेल तर कायद्यात तशी सोय आहे. बाल कल्याण समितीपुढे जबाब, मग फेरविचाराला ६० दिवस. तेवढ्यात आईचा विचार बदलला तर बाळ परत मिळतं. ही मुदत मुद्दाम ठेवलीय. पण ‘गरीब आहे म्हणून सोपव’ हे त्या कायद्याचं म्हणणं नाही. मूल शक्यतो आपल्या घरच्यांजवळच वाढावं हे त्यातलं मूळ तत्त्व आहे. ज्या घरात पैसा कमी तिथे पैसा पाठवावा, मूल उचलू नये. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलासाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात. याच योजनेत पूर्वी ११०० होते, त्याआधी ४२५. फार नाहीत, पण बालगृहात एका मुलावर होणाऱ्या खर्चापुढे काहीच नाहीत. हिशेबच करायचा तर हाही करा.

---

खोली_नंबर_४

इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ.

मी तो मुलगा आहे. माझी आई वीस वर्षांची असताना मला घेऊन अशाच एका गृहात आली. मी दोन वर्षांचा होतो. सहा वर्षं आम्ही एका खाटेवर झोपलो. खोली नंबर ४, खिडकीखालची खाट. आई तिथून रोज नर्सिंगच्या छोट्या कोर्सला जायची, संध्याकाळी येऊन माझा अभ्यास घेताना स्वतःचा करायची. हाडांची नावं मी तिच्याबरोबर पाठ केली होती. आजही ‘क्लॅव्हिकल’ म्हटलं की मला तिच्या डब्याचा वास येतो.

मला आठ पूर्ण झाली आणि मला मुलांच्या बालगृहात पाठवलं. चाळीस किलोमीटर. नियम होता, मोठी मुलं बायकांच्या गृहात नको. नियमामागचं कारण आता समजतं, नाही असं नाही. पण आईला भेटायची परवानगी महिन्यातून एका रविवारी. पहिले तीन महिने मी जेवलो की ओकायचो, म्हणून त्यांनी आईला निरोप पाठवला.

तिने कोर्स सोडला. दोन परीक्षा राहिल्या होत्या. बालगृहाच्या गावात एका खानावळीत पोळ्या लाटायला लागली, का तर रोज संध्याकाळी कुंपणापाशी येता यावं. पुढे तिने भाड्याची खोली केली, मला घरी आणलं, मी डिप्लोमा केला, आता बरं चाललंय. ती अजून पोळ्याच करते. म्हणते, काय वाईट आहे. वाईट काही नाही. पण तिचं नर्स होणं माझ्या आठव्या वाढदिवसाला संपलं, हे मला माहीत आहे आणि तिला वाटतं मला माहीत नाही.

हिशेबी साहेब, राग नाही. फक्त मूल बाजूला केलं की आई मोकळी होते आणि शिकते, हे मी जवळून बघितलंय. तसं होत नाही.

---

हिशेबी

वाचलं. माझा प्रतिसाद तसाच ठेवतो, खोडत नाही, पण आता मला तो तसा लिहिता आला नसता.

---

जुनी_पानं

थोडं अवांतर, पण फार नाही.

१८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्याबद्दल शाळेत एक ओळ असते आणि आपण पुढे जातो. त्या गृहाची अट बघा. विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, आणि मूल बरोबर न्यायचं की तिथे ठेवायचं ते आईच्या मर्जीवर. ज्या काळात बाईच्या मर्जीला कुठेच जागा नव्हती त्या काळात ही अट. तिथेच आलेल्या काशीबाईचं मूल फुल्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७च्या प्लेगमध्ये हडपसरच्या माळावर रुग्ण तपासत होता. याच साथीत सावित्रीबाई गेल्या. पंढरपूरला प्रार्थना समाजाचं बालकाश्रम १८७५चं.

आणि पंडिता रमाबाई. १८८२ मध्ये नवरा गेला तेव्हा त्या चोविशीच्या आत, कडेवर मनोरमा, वय वर्ष एकसुद्धा धड नाही. म्हणजे या धाग्यातल्याच एक. दुसऱ्या वर्षी त्या लेकीला घेऊन इंग्लंडला शिकायला गेल्या. परत येऊन ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे पुण्याला हलवलं. निवारा आणि शाळा एकाच दारात. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. धर्मांतराच्या वादात आपण ही बाजू वाहवू दिली, असं माझं मत. त्यावर इथे वाद घालू नये ही विनंती, वेगळा धागा काढा.

अगदी अलीकडचं म्हणाल तर सिंधुताई. विशीत, पोटुशी असताना घराबाहेर, गोठ्यात बाळंतपण, मग रेल्वे स्टेशनवर गाणी म्हणून भीक. त्यांनाही इतर मुलांचं करायचं म्हणून स्वतःची लेक दगडूशेठ ट्रस्टकडे सोपवावी लागली. आपण त्यांना माई म्हणून डोक्यावर घेतलं, २०२१ची पद्मश्री दिली. पण १९७०च्या आसपास स्टेशनवर त्यांना एखादी खोली मिळाली असती तर काय झालं असतं, हे कुणी विचारत नाही. कौतुक करणं खोली देण्यापेक्षा स्वस्त पडतं.

---

टेम्सकाठची

माहेर सांगली, सध्या लंडनच्या एका काउन्सिलमध्ये, म्हणजे इकडच्या महापालिकेत, घरांच्या विभागात काम करते. इकडचं फार गोड आहे असं समजू नका, पण दोन गोष्टी सांगण्यासारख्या.

एक, इकडच्या १९९६च्या घरांच्या कायद्याने गरोदर बाई आणि लहान मूल असलेलं बेघर कुटुंब ‘प्राधान्य गरज’ धरलं जातं. कुटुंब म्हणून, आईसकट. बाळाला घर देऊन आईला रस्त्यावर, असा प्रकार कायद्याच्या कल्पनेतच नाही. दोन, विशीच्या आतली आई शिकत असेल तर पाळणाघराचे पैसे सरकार भरतं. लंडनमध्ये आठवड्याला १९५ पौंडांपर्यंत, बाहेर १८० पर्यंत. पैसे थेट पाळणाघराला जातात, मुलीच्या हातून नाहीत, त्यामुळे नवरा-मित्र-सासू कुणी काढून घेत नाही. ही बारीकसारीक गोष्ट मला फार शहाणी वाटते.

आता दुसरी बाजू. घरं नाहीत. इंग्लंडमध्ये १ लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या जागेत आहेत. मुलं असलेल्या कुटुंबाला लॉजमध्ये सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचं नाही असा नियम आहे, आणि माझा निम्मा दिवस तो मोडल्याची पत्रं वाचण्यात जातो. एका खोलीत, एका पलंगावर बाळ रांगायला शिकतं, कारण जमिनीवर जागाच नसते. तेव्हा नुसत्या कायद्याने पोट भरत नाही, हे इकडूनही खरं.

---

वकीलबाई

कागदांचं थोडक्यात. १) सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलंय, अविवाहित एकल आईला मुलाच्या जन्मदाखल्यासाठी बापाचं नाव सांगायची सक्ती नाही, तिचं प्रतिज्ञापत्र पुरे. सुमन विवाहित आहे, त्यामुळे तिचं प्रकरण थोडं वेगळं, दाखला आधी काढलाय का ते बघा. पुढे पोटगीसाठीही तो लागेल. २) महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं. ३) बाळ मोठं झाल्यावर शाळेने जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारला तर २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १४ दाखवा. पहिलीला ‘पत्ता काय?’ विचारतील. निवाऱ्याच्या व्यवस्थापकाचं पत्र आत्तापासून घेऊन ठेवा.

रानजाई, निवारा सातला रिकामा का करतात? न्यायालयाने २०१०च्या सुमारास लाख लोकवस्तीमागे एक निवारा सांगितला तो चोवीस तासांचा. लेखी विचारा. तोंडी विचारू नका.

---

रानजाई

लेखी विचारलं. उत्तर आलं, तेही लेखी: ‘सफाईकरिता बंद ठेवण्यात येतो.’ तेरा तास सफाई! वकीलबाईंनी पुढचं पत्र लिहून दिलंय. सध्या तान्ही मुलं असलेल्या तीन बायकांना दिवसा मागच्या खोलीत थांबू देतात. पंखा नाही. पण सावली आहे.

शक्ती सदनात सुमन जाऊन बघून आली. नको म्हणाली. तिचं कारण मला सुरुवातीला पटलं नाही. म्हणाली, "तिथं सही करून भाईर पडायचं. मी कुणाची सही घेऊन जगू?" चार वर्षांपूर्वीची मी असते तर तिला समजावत बसले असते.

मग खोली शोधली. पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" दुसऱ्या ठिकाणी एजंटने फोनवर हो म्हटलं, बाळ बघितल्यावर मालकीण गावाला गेली. सहावी खोली मिळाली, वारज्याच्या पुढे, भाडं साडेपाच हजार, डिपॉझिट वीस. करार माझ्या नावे.

---

निळी_शाई

एकटीला खोली नका करून देऊ. दोन आया, दोन बाळं, एक खोली. माझ्या अनुभवात हेच टिकतं. एक सकाळची कामं करते तेव्हा दुसरी दोन्ही बाळं बघते, दुपारी उलट. भाडं अर्धं, पाळणाघर फुकट, आणि रात्री ताप आला तर कुणीतरी जागं असतं. भांडतात, भरपूर भांडतात, मिठावरून भांडतात. भांडू देत. फक्त भाड्याचा वाटा पहिल्या महिन्यापासून थोडा तरी त्यांनी भरायचा, पाचशे का असेना. आणि पहिलं वर्ष कुणीतरी दर आठवड्याला जायचंच. छपराला जेवढे पैसे लागतात त्याच्या निम्मे माणसाच्या वेळेला लागतात. देणगीदार पत्र्याला देतो, वेळेला देत नाही.

---

आबा_वाईकर

मी निवृत्त मुख्याध्यापक. दहावीचं मी बघतो.

१७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा) भरावा लागेल, तो ऑनलाइन असतो. किमान पाचवी पास आणि १४ वर्षं पूर्ण हवीत, ती नववीपर्यंत गेलीय म्हणजे अडचण नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागेल. तो हरवला असेल तर गावच्या शाळेतून दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. मुदत उलटू देऊ नका, विलंब शुल्क उगाच बसतं. संपर्क केंद्राची शाळा खोलीच्या जवळची निवडा, कारण प्रकल्प आणि तोंडी परीक्षेला तिथे जावं लागतं. पुढे जमलं तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहेच, पण आधी दहावीच. आयटीआयपासून आशा सेविकेपर्यंत सगळी दारं दहावीच्याच किल्लीने उघडतात.

---

रानजाई

आबा, गावच्या शाळेचा दाखला मिळाला. एक गंमत आणि एक घोळ. गंमत म्हणजे तिथल्या बाईंना सुमन आठवत होती, "ती वही उलटीकडून भरणारी" म्हणून. पुढची पानं संपली की मागून सुरू करायची, नवी वही लागू नये म्हणून. घोळ असा की दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे आणि आधारवर जानेवारीची.

खोलीत दुसरी आई आलीय, निवाऱ्यातलीच, २२ वर्षांची, तिला तीन वर्षांचा मुलगा. पहिलं भांडण झालं. मिठावरून नाही, बादलीवरून. सुमन सकाळी दोन घरची भांडी करते. या महिन्यात तिने भाड्याचे सातशे दिले, सुटे, रुमालात बांधून. वीस हजारांतले बारा या धाग्यावरच्या पाच जणांनी दिले, नावं लिहायला त्यांनी बंदी केलीय.

खोली_नंबर_४, तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. तिने विचारलं, त्यांच्या आईच्या त्या दोन परीक्षा आता देता येतील का?

---

खोली_नंबर_४

विचारलं आईला. आधी हसली. मग म्हणाली, कोर्स आता तसा राहिलाय तरी का? मी म्हटलं बघतो.

---

आबा_वाईकर

१ जून ही मास्तरांनी घातलेली तारीख असते, प्रवेशाच्या वेळी पोराचा जन्म कुणालाच माहीत नसला की आम्ही तीच टाकायचो. मीही शेकडो टाकल्यात. आधार दाखल्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, उलटं करायला जाऊ नका, वर्ष जाईल.

बीजगणिताचं पुस्तक माझ्याकडे जादा आहे. रविवारी दहाला वारज्याला येतो. बाळ झोपायची वेळ असेल तर अकराला येतो, तसं कळवा.